किती बाटल्या लागतील?

उर्दू शायर ज्याला ‘जिगर’ म्हणतात ते हृदय नव्हे, यकृत. आपलं काळीजही मुळात तेच. मटणाच्या दुकानात कलेजी मागतो, ती हीच. आम्ही कवी जिगरचं रक्त शेरात सांडतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते खरोखर सांडतं, त्याविषयी आज बोलतो.

अहिल्यानगरहून (तोंडात सवयीनं नगरच येतं) यकृत बदलायला कुणाला पुण्याला न्यायचं ठरलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, “किती बाटल्या लागतील?” नेमका आकडा कुणी देऊ शकत नाही. रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्यं यकृतच तयार करतं. ते निबर झालं की ही द्रव्यं कमी पडतात. आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून पुढे सरकत नाही, शिरा तुंबून फुगतात. प्लीहा वाढते आणि प्लेटलेट्स अडवून ठेवते. म्हणजे जिथे सुरी चालवायची, तिथेच फुगलेल्या शिरांचं जाळं! जुनं यकृत काढल्यावर नवं जोडेपर्यंत शरीर यकृताविना असतं. मग नव्यात रक्त सोडलं की धरलेल्या गुठळ्याही कधी कधी विरघळू लागतात.

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत-प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचं मूल. रक्तस्राव थांबेना, ते टेबलावरच गेलं. पुढच्या रुग्णांना रक्त गोठवणारे उपाय केले, तर गुठळ्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या. मला ही कोंडी सगळ्यात भयंकर वाटते. आजारी यकृत गोठणं आवरणारी द्रव्यंही पुरेशी बनवत नाही. तराजूची दोन्ही पारडी हलकी. यश आलं ते १९६७ मध्ये.

आता भूलतज्ज्ञ रक्ताचा नमुना यंत्रात घालून गुठळी कशी धरते, किती टिकते याचा आलेख पाहतात आणि जे कमी तेवढंच देतात. गुठळी विरघळत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. अंग गार पडू देत नाहीत, कारण गार अंगात रक्त गोठत नाही. भरमसाट रक्त चढवलं तर शिरा आणखी फुगून वाहतात. काही रुग्णांना तर एकही बाटली लागत नाही.

पण रक्तपेढीची तयारी हवीच. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये नव्हे, खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरातल्या प्लेटलेट्स पुढच्या आठवड्यातल्या शस्त्रक्रियेला चालत नाहीत. त्यासाठी त्याच आठवड्यात कुणीतरी रक्तपेढीत जाऊन हात पुढे करावा लागतो.