वाटमारी, हद्द आणि मामाची पिकअप

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, मी आज थोडा चिडलेलो आहे. आणि गाडी चालवत असाल तर आधी काचा वर घ्या. गंमत नाही, खरंच सांगतोय.

आजचा विषय आपल्या भागातला आहे, शिरूर आणि दौंड. मी दौंडचा, माझं आजोळ शिरूर तालुक्यात. आठवडाभर खराडीत कोड लिहितो आणि शनिवारी घरी पळतो. गेलं वर्षभर घरी पोचल्यावर गप्पांचा पहिला विषय एकच असतो: "परवा अमक्याची गाडी अडवली, ऐकलंस का?"

इंग्रजीत याला कारजॅकिंग म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, वाटमारी. फक्त पूर्वी बैलगाडी अडवायचे, आता पिकअप अडवतात.

माझ्या मामेभावाची गोष्ट सांगतो. मी त्याला दादा म्हणतो. मामाच्या नावावर पिकअप आहे. म्हणजे होती. दादा तिच्यातून कांदा घेऊन मार्केट यार्डात जायचा. एका रात्री माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. दोन वाजले असतील. हायवे सोडून तो आतल्या रस्त्याला लागला. मागून एक मोटारसायकल आली आणि आडवी झाली. "ए, मघाशी कट का मारला रे?" दादाला वाटलं, खरंच मारला असेल. काच खाली केली. तेवढंच पुरे झालं. एकाने गळ्याला कोयता लावला, दुसऱ्याने चावी काढली. मोबाईल, पाकीट आणि गाडी घेऊन ते गेले. पायातली चप्पलसुद्धा झटापटीत राहिली.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही दहादा ऐकली असेल. मला पुढचं सांगायचंय.

दादा अनवाणी चालत जवळच्या वस्तीकडे गेला. कुत्री भुंकायला लागली, लाइटी लागल्या, आणि पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन बाहेर आली. त्या वस्तीवर आठवड्यापूर्वीच चोरी झाली होती, पोरं रात्रभर जागत होती. रात्री अडीचला एक अनोळखी माणूस, अंगावर माती, पायात काही नाही. त्यांना काय वाटणार? पहिली काठी दादाच्या खांद्यावर बसली. "मलाच लुटलंय हो!" असं तो ओरडत होता, पण कोणी ऐकेना. शेवटी एका म्हातारीने विचारलं, "कुणाचा रं तू?" दादाने गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आजीचं माहेर सांगितलं. ओळख निघाली. मग चहा मिळाला.

मला तो चहा आठवला की घाम फुटतो. कारण दादाकडे सांगायला आडनाव होतं. त्याच्या जागी पालावर राहणारा पारधी समाजाचा पोरगा असता तर? आडनाव ऐकून काठी थांबली असती की अजून जोरात बसली असती? इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 ला रद्द झाला. डोक्यातला शिक्का अजून तसाच आहे. आणि 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं, ते विसरू नका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरली आणि भिक्षा मागणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. 2024 च्या पावसाळ्यात आपल्याकडे रात्री ड्रोन फिरतायत म्हणून जी घबराट झाली होती, ती आठवा. आपणही तेव्हा किती व्हिडिओ न बघता फॉरवर्ड केले? मी केले होते. कबूल करतो.

आता हद्द. सकाळी दादा आणि मामा तक्रार द्यायला गेले. कुठे, ते सांगत नाही, कारण मला एका माणसाला धरायचं नाहीये. तिथे पहिला प्रश्न आला: "नेमकं कुठं झालं? ते आमच्यात येत नाही." दुसऱ्या ठिकाणी गेले तर, "ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?" आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. बग सापडला की तिकीट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे फिरत राहतं, आणि कस्टमर बसतो बोंबलत. गुन्हा नोंदायला संध्याकाळ झाली. कागदावर आधी काय आलं? चोरी!

आणि खरा झटका पुढे आहे. मामाच्या मोबाईलवर रात्री तीन वाजून पाच मिनिटांनी फास्टॅगचा मेसेज आला होता. पैसे कापले, टोलनाक्याचं नाव, वेळ, सगळं त्यात होतं. म्हणजे गाडी सोलापूरच्या दिशेने गेलीये, ही माहिती घटनेनंतर तासाभरात आमच्याच घरात होती. मामा झोपले होते. सकाळी त्यांनी मेसेज दाखवला, तर उत्तर आलं, "आधी हद्द ठरू द्या." तोवर गाडी कुठल्या जिल्ह्यात पोचली असेल, तुम्हीच हिशोब करा.

नकाशा उघडून बघा. शिरूरला घोडनदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा. दौंडला भीमा ओलांडली की पुन्हा अहिल्यानगर. सोलापूर रोडने सरळ गेलात तर भिगवण, इंदापूर आणि मग सोलापूर जिल्हा. वर नगर रोड, खाली सोलापूर रोड, आणि दोघांना जोडणारा शिरूर-न्हावरा-चौफुला रस्ता. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसी असल्याने ट्रक चोवीस तास. चोराला दर अर्ध्या तासाला नवी हद्द मिळते. हद्द आपल्याला अडवते, त्याला नाही.

यात शहराची हद्दही सरकत राहिली. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय झालं आणि चाकण, आळंदी, तळेगाव ग्रामीणमधून तिकडे गेलं. 2021 मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर पुणे शहराकडे गेले. आपण राहिलो पुणे ग्रामीणमध्ये. कागदावर ग्रामीण, पण रस्त्यावर, कंपन्यांत, भाड्याच्या खोल्यांत शहर.

म्हणून गावात वाद पेटलाय. एक गट म्हणतो, पोलीस ठाणी वाढवा, माणसं वाढवा. दुसरा म्हणतो, प्रत्येक चौकात कॅमेरे लावा. तिसरा म्हणतो, पोलिसांवर विसंबू नका, आपणच ग्रामसुरक्षा दल काढू. आमच्या दौंडमध्ये तर लोक हटकून म्हणतात, "राज्य राखीव दलाचे दोन-दोन गट इथं आहेत, मग चोऱ्या कशा होतात?" अहो, ते दल बंदोबस्ताला राज्यभर जातं. तुमच्या गल्लीत गस्त घालणं हे त्याचं काम नाही.

मला तिन्ही गटांचं थोडं थोडं पटतं. 30 जून 2025 ची स्वामी चिंचोलीची घटना कोण विसरेल? पंढरपूरला निघालेलं कुटुंब पहाटे चहाला थांबलं. दोघांनी शस्त्राचा धाक दाखवून दागिने लुटले आणि एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. हे हायवेवर झालं, कुठल्या आडरानात नाही. ऑगस्ट 2022 मध्ये याच रस्त्यावर, इंदापूर तालुक्यात, गाडीचा पाठलाग करून, गोळीबार करून साडेतीन कोटींच्या वर रक्कम लुटली. अशा टोळीसमोर काठीवाली पोरं काय करणार? तिथे पोलीसच लागतात. पण पोलीस पोचेपर्यंतची वीस मिनिटं गावालाच काढायची असतात, हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं असं. गस्त घाला, पण पोलीस ठाण्यात नावं देऊन, पोलीस पाटलांना सांगून. काम एकच: बघायचं आणि कळवायचं. मारायचं नाही. दादाला पहिली काठी बसली, तेव्हा कोणी 112 लावला नव्हता. पंधरा-वीस माणसांत एकानेही नाही! ज्याला त्याला आपल्या भावकीतल्या कोणाला तरी फोन करायचा होता.

आता कामाच्या गोष्टी. स्क्रीनशॉट नको, लक्षात ठेवा.

एक. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही झालेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते. कोणी नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

दोन. चोरी आणि जबरी चोरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. धाक दाखवून नेली तर ती जबरी चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम 309. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मध्ये हायवेवर झाली तर चौदा वर्षांपर्यंत! पाच किंवा जास्त माणसं असतील तर दरोडा. जबाबावर सही करण्याआधी कोयत्याचा उल्लेख आहे का, ते वाचा. दादाने वाचलं नव्हतं. विमावाल्यांनी दोन्ही चाव्या मागितल्या. एक तर चोराने नेलेली! जबाब दुरुस्त होईपर्यंत क्लेम अडकला, हप्ता मात्र दर महिन्याला कापला जात होता.

तीन. फास्टॅगला घरातल्या जाग्या माणसाचा नंबर जोडा. गाडीत लपवून जीपीएस बसवा. आणि रात्री कोणी "कट मारला" म्हणालं तर काच खाली नाही, गाडी सरळ उजेडात, पंपावर किंवा नाक्यावर. 112 लावा.

पिकअप अजून सापडलेली नाही. दादा आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. गेल्या महिन्यात मला म्हणाला, "रात्री एक जण रस्त्याच्या कडेला हात करत होता. बाजूला मोटारसायकल आडवी पडलेली. मी थांबलो नाही." मी म्हटलं, बरोबर केलंस. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "खरंच पडला असला तर रे?" पुढच्या पंपावरून त्याने 112 ला कळवलं होतं, तरी त्या रात्री झोपला नाही.

मंडळी, गाडीचे हप्ते फिटतील. पण रस्त्यात हात करणाऱ्या माणसासाठी थांबायचं की नाही, याची आपल्याला भीती वाटायला लागलीये, ती कशी फिटणार, मला माहीत नाही. तुमच्या गावात गस्त कशी चालते, व्हॉइस नोट पाठवा. कोणाचं नाव घेऊ नका, जात तर नकोच नको.

नीट जा, नीट या. भेटू पुढच्या भागात.