खाल्लेलं अंगी लागतं कुठं?



मागच्या बैठकीत कामरगावच्या एका ताईनं विचारलं, "पोटभर जेवते, लोहाची गोळीही घेते, तरी रक्त का वाढत नाही?" मी विचारलं, गोळी कशासोबत घेता? त्या म्हणाल्या, "चहासोबत."

तायांनो, पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही. अन्नातलं सत्त्व रक्तात उतरतं ते लहान आतड्यात. हे आतडं साधारण २० फूट, म्हणजे जवळपास सहावारी लुगड्याएवढं लांब! आतून मखमलीसारखी बारीक लव असते. तीच सत्त्व शोषून रक्तात सोडते.

लोह या आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. तिथं सोबत चहा आला, की तो लोहाला धरून ठेवतो. मग बरंचसं लोह शौचावाटे बाहेर जातं. लिंबू मात्र उलटं काम करतं, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं.

वावरात जायच्या घाईत चहा-भाकर एकदमच होते, हे मला माहीत आहे. चहा सोडा म्हणत नाही. फक्त जेवण आणि गोळीपासून तासभर लांब ठेवा. वरणावर, भाजीवर लिंबू पिळा. आणि थकवा, धाप असेल तर उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पुढच्या बैठकीत विचारणार आहे हं, चहा कधी घेतला!