माशाचं पोट फुगलं तर आधी खाद्य थांबवा

(झरी येथे गटांच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)



शेळीचं पोट फुगलं तर कसं ओळखायचं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. डावी कूस टम्म झाली, शेळी रवंथ करंना, की तुमच्या लगेच ध्यानात येतं. पण शेततळ्यातल्या माशाचं पोट फुगतं तेव्हा तो पाण्याखाली असतो. ओरडत नाही, दावणीला दिसत नाही. आपल्याला कळतं ते तो पोट वर करून तरंगायला लागल्यावर. मग घरातलं कुणीतरी गडबडीनं दुकानातून गोळ्या आणतं आणि तळ्यात टाकतं. पैसे जातात आणि मासेही जातात. गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज या एकाच आजारावर बोलू.

कोणते मासे?

तळ्यात आपण दोन तऱ्हेचे मासे सोडतो. एक खवल्यांचे, म्हणजे रोहू, कटला, मृगळ. दुसरे मिशांचे, म्हणजे पंगस आणि देशी मांगूर. पोटफुगीची जास्त काळजी मिशीवाल्यांची घ्यायची. त्याचं कारण त्यांच्या पोटात आहे. रोहू-कटल्याला वेगळं जठर नसतं, लांब आतडं असतं, त्यामुळे ते दिवसभर थोडं थोडं चरतात. मिशीवाल्याला जठर असतं, ताणलं जाणारं. समोर पडलं की तो भरून घेतो. म्हणजे तुम्ही टाकाल तेवढं तो खातो, आणि आपल्याला वाटतं, 'बघा, किती भुकेला होता!'

इथंच एक गोष्ट स्पष्ट सांगते. थाई मांगूर किंवा आफ्रिकन मांगूर म्हणून जो मासा विकतात, तो पाळायला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही त्यावर कडक भूमिका घेतली. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत अशा माशांची तळीच्या तळी नष्ट केली गेली. तो नदीत सुटला तर इथले मासे संपवतो. 'लवकर वाढतो, कोंबडीच्या दुकानातली आतडी टाकली तरी चालतं' असं कुणी म्हणालं, तर ते बी घेऊ नका. गटाचा पैसा त्यात घालूच नका.

पोट का फुगतं?

पहिलं कारण, जास्त खाद्य. दुसरं, बुरशी आलेलं खाद्य. भिजलेली शेंगदाणा पेंड किंवा काळी पडलेली ज्वारी आपण जनावराला देत नाही, मग 'माशाला काय होतंय' म्हणून तळ्यात का टाकायची? त्या बुरशीचं विष माशाच्या काळजावर, म्हणजे यकृतावर जातं. तिसरं कारण थंडी. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो, हे तुम्हाला माहीतच आहे. पंगस हा उबदार पाण्यातला मासा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. खाल्लेलं पोटातच पडून राहतं आणि कुजतं. चौथं, घाण पाणी. उरलेलं खाद्य तळाला सडतं, त्यात जंतू वाढतात, आणि अशक्त माशाच्या पोटात तेच शिरतात.

आता यातली किती कारणं खाद्याच्या डब्याजवळ येऊन थांबतात, बघा.

आजार कसा ओळखायचा?

खाद्य टाकताना बाजूला एक थाळी दोरीनं पाण्यात सोडा, त्यात मूठभर खाद्य ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी वर काढा. खाद्य तसंच असेल, तर काहीतरी बिघडलंय. मासा मरायच्या दोन-तीन दिवस आधी थाळी तुम्हाला हे सांगू शकते. आजारी मासा कळपातून वेगळा होतो, कडेला येतो, तिरका पोहतो. मागून पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते. पोट दोन्ही बाजूंनी फुगतं, कधी शेपटीजवळचं भोक लाल होतं. पोटात पाणी झालं की रोहू-कटल्याचे खवले उभे राहतात. पंगस-मांगुराला खवलेच नाहीत, तिथं ही खूण शोधत बसू नका. पोट आणि वागणं बघा.

दोन ठिकाणी फसायला होतं. मांगूर आणि पंगस वर येऊन हवा घेतात, तो त्यांचा स्वभाव आहे. त्याला आजार समजू नका. रोहू-कटला पहाटे तोंड वर काढून बसले, तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. आणि पावसाळ्यात मांगुराच्या मादीचं पोट अंड्यांनी मोठं होतं. ती नीट खात असेल, नीट पोहत असेल, तर तिला त्रास देऊ नका.

काय करायचं?

पहिल्या दिवशीच खाद्य बंद. पूर्ण बंद, दोन दिवस. "अहो, उपाशी मरतील की" असं कुणी म्हणेल. मरत नाहीत. धडधाकट मासा काही दिवस खाद्याशिवाय सहज राहतो. भरलेल्या पोटात आणखी भर घातली, तर मात्र मरतो.

दुसरं, पाणी. शक्य असेल तर पाव तळं पाणी काढा आणि नवं भरा. काढलेलं पाणी भाजीला, कापसाला द्या, त्यात खताचा अंश असतो. बोअरचं पाणी सरळ नळीनं तळाशी सोडू नका. त्यात प्राणवायू कमी असतो. उंचावरून, फवारा उडेल असं पडू द्या. उन्हाळ्यात पाणीच नसेल, तर निदान तळाचा सडका गाळ आणि तरंगणारी घाण काढा, आणि सकाळी पंपानं तेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा.

तिसरं, फुगलेले मासे वेगळे काढा. जाळीनंच धरा, मांगुराच्या पराचा काटा हाताला लागला तर फार दुखतं. पन्नास-शंभर लिटरचा टब सावलीत ठेवा, तळ्याचं स्वच्छ पाणी भरा, आणि वर जाळी बांधा, नाहीतर मांगूर बाहेर सरपटत जातो. टबात खाद्य नाही. रोज अर्धं पाणी बदला. अंगावर जखम असेल तर लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला पाव किलो साधं मीठ घालून तासभर ठेवा. मिठानं जखमेला आराम पडतो, पोट बरं होत नाही, एवढं ध्यानात ठेवा. घरात काचेच्या पेटीत लेकरांनी मासे ठेवलेत, त्यांनाही हाच नियम: उपास आणि पाणीबदल.

चौथं, नुकताच मेलेला एक मासा कापून बघा. कल्ले लाल असतील तर तो ताजा. मासा कापायला तुम्हाला कुणी शिकवायला नको. पोटात तीनपैकी एक दिसतं. आतडं खाद्यानं गच्च आणि दुर्गंधी असेल, तर अपचन. उपास आणि पाणीबदलानं बाकीचे वाचायची चांगली आशा आहे. पिवळट किंवा लालसर पाणी भरलं असेल, आतडं लाल झालं असेल, तर जंतूंचा आजार. जास्त फुगलेले मासे यात सहसा वाचत नाहीत, म्हणून बाकीच्यांना वाचवायचं बघायचं. पांढरे चपटे जंत दिसले तर जंताचं औषध लागतं, पण ते माशातल्या जाणकाराला विचारूनच. कापल्यावर हात आणि विळी साबणानं धुवा.

जंतू किंवा जंत दिसले तर परभणीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथंही विचारता येतं. नमुना म्हणून आजारी पण जिवंत मासा पिशवीत पाणी आणि हवा भरून न्या. तो नसेल तर नुकताच मेलेला, बर्फात. सडलेल्या माशावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

काय करायचं नाही?

गोळ्या तळ्यात टाकायच्या नाहीत. हिशोब करा. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावतं. त्यात चार पाकिटं गोळ्या म्हणजे विहिरीत चिमूटभर साखर. औषध माशाच्या पोटात जात नाही, आणि आजारी मासा खात नाही म्हणून खाद्यातूनही नीट जात नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर खाण्याच्या माशाला वापरायला बंदीच आहे. तो मासा कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाणार असतो.

शेळीला पोटफुगीवर तेल पाजतात म्हणून तळ्यात तेल ओतायचं नाही. तेलाचा थर पाण्यावर बसला की खाली हवा जात नाही. मेलेले आणि फुगलेले मासे विकायचे नाहीत, कोंबड्या-कुत्र्यांनाही टाकायचे नाहीत. तळ्यापासून लांब खड्डा करून वर चुना टाकून पुरायचे.

खाद्याचं माप

तिसऱ्या दिवशी खाद्य सुरू करताना नेहमीच्या निम्म्यानं करा, आठवड्यात हळूहळू वाढवा. आणि नेहमीचं म्हणजे किती? अंदाजानं नाही, वजनानं. दर पंधरा दिवसांनी २० मासे धरून तोला. समजा ४ किलो भरले, म्हणजे एक मासा २०० ग्रॅमचा. तळ्यात ५०० मासे असतील तर एकूण १०० किलो. या वयाला शंभर किलोमागे दिवसाला ३ किलो खाद्य पुरतं. दीड किलो सकाळी ऊन पडल्यावर, दीड किलो दुपारी चारच्या सुमारास. मासा मोठा होत जाईल तसं हे प्रमाण शेकडा २ पर्यंत उतरवा. आभाळ आलं तर निम्मं. कडाक्याची थंडी असेल तर बंदच ठेवा. पंगस डिसेंबरच्या आत विकून होईल असं बघूनच बी सोडा. खाद्याचं पोतं जमिनीवर नको, लाकडी फळीवर, कोरड्या जागी ठेवा.

शेवटचं सांगते. सातबारा बहुतेक ठिकाणी घरधन्याच्या नावावर आहे, बी आणि खाद्य आणायला तोच जातो, दुकानदार त्याच्याशीच बोलतो. पण रोज सकाळी तळ्यावर कोण असतं? तुम्ही. मासा कडेला आला, थाळीत खाद्य उरलं, हे आधी तुम्हाला दिसतं. तुम्ही सांगता, आणि उत्तर येतं, "तुला काय कळतंय त्यातलं." यावर भांडून उपयोग नाही, वही दाखवून आहे. गटाचा हिशोब जशी तुम्ही लिहिता, तशीच एक शंभर पानी वही तळ्याची ठेवा. तारीख, किती किलो खाद्य टाकलं, थाळीत उरलं का, किती मासे मेले, आभाळ-थंडी कशी. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला बसवा. मंगळवारपासून थाळीत खाद्य उरतंय असं वहीत लिहिलेलं असलं, की 'तुला काय कळतंय' म्हणणाऱ्यालाही वाचून बघावं लागतं. मत्स्यव्यवसायाच्या साहेबांपुढेही तीच वही ठेवायची.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्याकडे तळं आहे त्यांनी ही वही घेऊन यायची. आपण पासबुकासारखीच एकमेकींची वही तपासू. ज्यांना मासे तोलून खाद्याचं माप काढणं जमत नाही, त्यांनी आज जाताना मला तारीख द्या. मी तराजू घेऊन तुमच्या तळ्यावर येते.