एक दिवस कान्हेरीत, आजी-आजोबांसोबत

आजचा भाग जरा घरगुती आहे. सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी ऐकावा, आणि परदेशातल्या नातवंडांची वाट बघणाऱ्यांनी तर नक्कीच ऐकावा.

मी इंग्लंडमध्ये राहते, माहेर बोरिवली पूर्वेला. गेल्या डिसेंबरात आम्ही मायलेकी तीन आठवडे माहेरी होतो. लेक नऊ वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिचं आणि आजोबांचं बोलणं ठरलेलं. "जेवलीस का?" "हो." "शाळा कशी आहे?" "बरी आहे." मग फोन माझ्या हातात. मला वाटायचं, प्रत्यक्ष भेटले की बोलतील. पण पहिला आठवडा गेला आणि समोरासमोर बसूनही तेच! "जेवलीस का?" "हो."

मी आपली एक दिवस सगळ्यांना मॉलमध्ये न्यायचं ठरवून बसले होते. एसी, सरकते जिने, बसायला जागा. आई-बाबांच्या गुडघ्यांना बरं. बाबा एवढंच म्हणाले, "मॉल तिकडेही आहेत ना? आपण कान्हेरीला जाऊ."

मी म्हटलं, "बाबा, तिथे किती पायऱ्या आहेत!" ते म्हणाले, "माहीत आहे."

तर एका बुधवारी सकाळी आठला आम्ही रिक्षाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर उतरलो. आमच्या लहानपणी याला सगळे नॅशनल पार्कच म्हणायचे, आजही म्हणतात. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, चहूबाजूंनी शहर. मला लेकीला वनराणीत बसवायचं होतं. पण 2021 च्या तौक्ते वादळात त्या झुकझुकगाडीच्या रुळांचं नुकसान झालं होतं, त्यामुळे तो बेत मी आधीच सोडला होता. गेटपासून लेणी सहा-एक किलोमीटर आत आहेत. आम्ही आतल्या बसने गेलो.

लेण्यांपाशी वेगळं तिकीट लागतं. लेकीचा पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून मी तिचं ओसीआय कार्ड शोधायला लागले. ते असलं की भारतीयांच्याच दरात तिकीट मिळतं. तोवर बाबा खिडकीत वाकून सांगून मोकळे, "आमचीच आहे हो ती!" लेकीला एवढं मराठी बरोब्बर कळलं. गाल फुगवून हसली.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे मोठा चैत्य, दुसऱ्या शतकातला, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. बाहेर दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती, आत खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. तिथपर्यंत बाबा चढले. सावकाश, पण कुणाचा हात न धरता. मग पुढच्या पायऱ्यांकडे बघून म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथे बसतो."

बाबा एवढ्यात थांबतील असं मला वाटलं नव्हतं. मी आईकडे बघितलं. आई हळूच म्हणाली, "महिनाभर रोज सकाळी आपल्या बिल्डिंगचे तीन मजले चढउतार करत होते. तुला सांगू नको म्हणाले होते."

मला काही बोलताच येईना. मी मॉलची तिकिटं बघत होते तेव्हा हे जिने चढत होते.

बाबांनी मात्र लेकीला काम लावलं. आयुष्यभर त्यांनी इमारतींच्या नळजोडणीची कामं घेतली. त्यांनी खडकात कोरलेली एक पन्हळ तिला दाखवली. "पावसाचं पाणी यातून खाली येतं आणि टाक्यात साठतं. वर प्रत्येक लेण्यापाशी टाकं आहे का बघून ये."

"टाकं म्हणजे? टाकून दिलेलं?"

बाबा असे हसले की शेजारचे लोक वळून बघायला लागले. मग समजावलं: टाकं म्हणजे कोरलेला हौद. इथल्या जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी अशा पोढ्या आणि लेणी दान दिली.

आम्ही दोघी वर गेलो. लेक टाकी मोजत सुटली. एका भिंतीपाशी विचारते, "मी माझं नाव लिहू?" तिला सांगितलं, नव्वदाव्या लेण्यात हजार वर्षांपूर्वीच्या पारशी पाहुण्यांची नावं पहलवी लिपीत कोरलेली आहेत, साल 1009 आणि 1021. त्यांनी कोरली ती कोरली, आपण कोरायची नाहीत. आता तो गुन्हा आहे.

खाली आल्यावर ती आजोबांसमोर उभी राहिली. "अकरा! अकरा टाकी!" "पाणी होतं का?" "चारात." "खोल किती?" आता याला तिच्याकडे मराठी शब्द नव्हता. हात लांब केले, वाकली, एक दगड दाखवला. बाबांनी शब्द दिला, "पुरुषभर?" "नाही, माझ्याएवढं!" "आणि झाकण होतं?" ते तिने बघितलंच नव्हतं. म्हणून पुन्हा वर पळाली. मी मागे!

त्या दिवशी ती तीनदा वर गेली. आजोबांना वरचं बघायचं होतं आणि जाता येत नव्हतं, म्हणून तिला सांगणं भाग होतं, तेही मराठीत. तीन आठवड्यांत एवढं बोलली नव्हती ती. मध्येच आईने डबा उघडला आणि एका माकडाने तिखटमिठाची पुरी पळवली, तेही आजोबांना सांगून झालं, जणू ते शेजारी नव्हतेच!

मंडळी, आपण आई-वडिलांना फिरवायला नेतो ते त्यांना जपून, बसवून. चूक नाही त्यात. पण नातवंडांना आणि त्यांना मिळून करायला काहीतरी लागतं. नुसत्या ख्यालीखुशालीवर बोलणं किती दिवस चालणार?

जाणार असाल तर लक्षात ठेवा: सोमवारी लेणी बंद असतात. ऊन चढायच्या आत पोचा. पाणी घ्या, डबा माकडांपासून सांभाळा. आणि दिवसाला एकच जागा ठेवा. आम्ही दीड वाजता घरी होतो, दोन वाजता बाबा गाढ झोपले होते.

आता रविवारच्या कॉलवर "जेवलीस का" अजून आहेच. पण जुलैत लेकीनेच विचारलं, "आजोबा, पाऊस आला? टाकी भरली?" बाबा म्हणाले, "भरली असतील. बघून सांगतो."

मी म्हटलं, "बाबा, पावसात पायऱ्या निसरड्या असतात." ते म्हणाले, "माहीत आहे."

तुमच्या घरी असा एखादा दिवस गेला असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.