शेजाऱ्याचा प्रेस

प्रेस म्हटले की माझ्या वयाच्या माणसाला छापखानाच आठवतो. आमच्या गावात एक ट्रेडल मशीन होते आणि माझा पहिला कवितासंग्रह तिथेच खिळे जुळवून छापला गेला. त्यामुळे गेल्या वर्षी ओहायोत मुलीकडे राहायला गेलो असताना शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून म्हणाले, "मला नवा प्रेस घ्यायचा आहे, बघायला येता का?" तेव्हा मी उत्साहाने गेलो. मोटार ठेवण्याच्या खोलीत टेबलाला बोल्ट मारून बसवलेले एक लोखंडी यंत्र होते, उसाच्या रसवाल्याच्या यंत्रापेक्षा लहान, वरून लांब दांडा. शेजारी पितळी काडतुसांचे डबे. छापखाना नव्हता तो. घरच्या घरी काडतुसे भरण्याचा प्रेस होता.

मुलगी घाबरली. "अब्बा, तुम्ही कशाला जाता तिथे? कुणी काही म्हटलं तर?" तिची भीती मला कळत होती, आणि का कळत होती हे सांगायला नको. पण गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, शाळेत मुलांना सुतारकाम आणि लोखंडकाम शिकवून निवृत्त झालेले. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागलो आणि जात राहिलो.

आधी हे सांगितले पाहिजे की आपल्याकडे हा उद्योग कुणी करायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. आपले काडतूस कारखान्यातच तयार होते. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. अमेरिकेत मात्र स्वतःपुरते भरायचे असेल तर केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचे असेल तर लागतो. म्हणून तिथे हा अनेकांचा घरगुती छंद आहे, जसा आपल्याकडे कुणी घरी घड्याळे दुरुस्त करत बसतो.

उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच, त्याला ते केस म्हणतात, पुन्हा पुन्हा वापरता येते. गोळी सुटताना ते किंचित फुगते. प्रेसमध्ये घालून दांडा ओढला की ते पोलादी साच्यात शिरते, मूळ मापावर येते आणि जुना प्रायमर, म्हणजे बुडाची ठिणगी पाडणारी टिकली, बाहेर पडतो. मग नवा प्रायमर, मग मोजून दारू, मग वर गोळी. एवढेच काम. दारू ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. यावरून तराजू किती बारीक लागत असेल ते पाहा.

आता प्रेस तीन तऱ्हांचे. पहिला साधा, त्यात एका वेळी एकच साचा बसतो. पन्नास केसचे एक काम संपवायचे, साचा बदलायचा, दुसरे काम सुरू करायचे. दुसऱ्यात वर फिरती चकती असते, तिच्यात सगळे साचे लावून ठेवता येतात. तिसरा प्रोग्रेसिव्ह, त्यात दांडा एकदा ओढला की चार-पाच घरांमध्ये चार-पाच कामे एकदम होतात आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस पडते. तासाला चारशे-पाचशे सहज. साधा प्रेस शंभर ते अडीचशे डॉलरपर्यंत मिळतो, तिसऱ्याला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. एक सोय चांगली आहे. साच्यांची बाहेरची आटी बहुतेक साऱ्या कंपन्यांनी एकच ठेवली आहे, पाऊण इंचाहून थोडी जाड. एकाचा साचा दुसऱ्याच्या प्रेसात बसतो. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरचे असे व्हायला किती वर्षे गेली!

मास्तरांचा जुना प्रेस इंग्रजी सी अक्षरासारखा, एका बाजूने उघडा, हलक्या धातूचा होता. जोर दिला की त्याचा जबडा किंचित उघडायचा आणि गोळी वाकडी बसायची. त्यांना ओ अक्षरासारखा चहूबाजूंनी बंद, बिडाचा हवा होता. नातवाचे म्हणणे वेगळे. तो पिस्तुलाच्या स्पर्धांना जातो, आठवड्याला शेकड्यांनी काडतुसे लागतात. आजोबांनी प्रोग्रेसिव्ह घ्यावा, पुढे तो आपल्यालाच येईल, असा त्याचा सरळ हिशेब.

मास्तर त्याला एकच विचारायचे, "वर्षाला मला किती लागतात?" त्यांना लागत साठेक. ते हरणाच्या मोसमात दोन-तीन दिवस जंगलात जातात. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसाच्या रायफलीने हरीण मारायला परवानगी आहे, आणि त्यांची रायफल पंचेचाळीस-सत्तर जातीची. (हरणाचे मांस त्यांनी मला देऊ केले होते. मी हलालचे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी भोपळ्याची पाय पाठवली.) साठ काडतुसांसाठी चार-पाच घरांचे यंत्र म्हणजे दोन माणसांच्या घरात हॉटेलची शेगडी. पैसे वाचतात म्हणूनही कुणी प्रेस घेऊ नये, असे त्यांचे मत. २०२० नंतर तिथे प्रायमरचा असा तुटवडा झाला की सारे हिशेब कोसळले.

पण खरा वाद पैशाचा किंवा वेगाचा नव्हता. पंचेचाळीस-सत्तर हे काडतूस १८७३ साली अमेरिकी लष्करासाठी निघाले. तेव्हा त्यात सत्तर ग्रेन काळी दारू भरत, आणि ती केस व्यापून टाकी. आजची धूर न करणारी दारू पुष्कळ कमी लागते. केस अर्धीअधिक रिकामी राहू शकते. म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, कळत नाही, आणि मग बंदूक हातात फुटते. दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तरी नळी फाटते. मास्तरांच्या भिंतीवर अशी एक फाटलेली नळी टांगलेली होती. कुणाची ते मी विचारले नाही.

नातू म्हणे, प्रोग्रेसिव्हमध्ये चकती आपोआप पुढे सरकते, म्हणून एकाच केसमध्ये दोनदा दारू पडणारच नाही. चूक हाताने काम करणारा करतो. मास्तर म्हणत, सरकते खरी, पण मध्ये काही अडकले आणि तू दांडा मागे घेतलास, की कुठल्या घरात काय झाले हे तुला आठवते का? दोघांचेही बरोबर होते. तिथल्या जाणकारांतही हा वाद मिटलेला नाही.

एका दुपारी त्यांनी पन्नास केस लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करून दारू भरली होती. माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, "तू पुस्तकांची प्रुफे तपासतोस ना? हे तपास." मी प्रकाश तिरपा पाडत एकेक ओळ पाहू लागलो. श्रोतेहो, ज्याने स्वतःच्या कवितेची प्रुफे पाहिली आहेत त्याला माहीत आहे की आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. डोळा लिहिलेले वाचत नाही, मनातले वाचतो. तिसऱ्या ओळीत एक केस काळी दिसली. तळाशी काहीच नव्हते. भरताना त्यांना फोन आला होता.

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी ती एकटी केस भरली नाही. पन्नासच्या पन्नास उलट्या करून दारू डब्यात परत ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी नातू आला. ऐकून म्हणाला, "माझ्या यंत्रावर हे झालं नसतं." मास्तर म्हणाले, "झालं असतं तर पाहिलं कुणी असतं?" मग दोघेही गप्प बसले.

शेवटी नातवाने स्वतःच्या पैशाने प्रोग्रेसिव्ह घेतला, दारूची पातळी चुकली की वाजणाऱ्या घंटीसकट, आणि स्वतःच्या घरी ठेवला. मास्तरांनी ओ आकाराचा साधाच घेतला. फक्त खांदा दुखतो म्हणून तो टेबलावर चार बोटे खाली बसवला. आणि फोन त्या खोलीत आणायचा नाही असे ठरवले.

गोळ्याही ते घरीच ओततात. त्यासाठी टाकलेले शिसे वितळवताना कोपऱ्यात मला ओळखीचा धातू दिसला. छापखान्याचा! लायनोटाइपचा धातू म्हणजे शंभरात चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा अँटिमनी, चार कथील. अँटिमनीमुळे अक्षराची कड धारदार येते आणि धातू कठीण होतो. गोळी ओतणाऱ्यालाही नेमके तेच हवे असते. तिकडचे छापखाने ऑफसेटवर गेले तेव्हा हा धातू भंगारात निघाला आणि कित्येक मण काडतूसवाल्यांनी उचलला. माझ्या पहिल्या संग्रहाचे खिळेही छापखाना बंद झाल्यावर भंगारातच गेले. कुठे गेले, काय झाले त्यांचे, हे मी त्या दिवसापर्यंत कधी मनात आणले नव्हते. मास्तरांना सांगितले, तर ते बराच वेळ पळी ढवळत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आठवण म्हणून एक रिकामी केस देऊ केली. मी हात जोडले. मुंबईच्या विमानतळावर माझ्या नावाचा माणूस सामानात काडतूस घेऊन उतरला, रिकामे का असेना, तर पुढचे भाषण आकाशवाणीवर झाले नसते. ते हसले. मग त्यांनी शिशाच्या ढिगातून न वितळलेली एक पट्टी काढून दिली. लायनोटाइपवर पूर्ण ओळ एका पट्टीत ओतली जाते. कुठल्याशा बंद पडलेल्या वर्तमानपत्राची ती ओळ होती. घरी आरशासमोर धरून वाचली. गुरुवारी पाऊस, असे काहीसे होते.