अलंकारांची निवड

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात काशाची एक चिमुकली मूर्ती जतन करून ठेवलेली आहे. तिची उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर आहे. १९२६ साली मोहेंजोदडोच्या उत्खननात ती सापडली आणि ‘नर्तकी’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरून गेलेला आहे. उजव्या हातात मात्र मोजक्या चार बांगड्या आहेत. गळ्यात एक माळ आहे. याखेरीज अंगावर काहीही नाही. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने दोन्ही हात सारखे भरले नाहीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एक हात भरलेला आणि दुसरा जवळजवळ मोकळा असल्यामुळेच तिच्या उभे राहण्याच्या ढबीला उठाव आलेला आहे. दागिना कोठे घालावा याइतकेच तो कोठे घालू नये हेही महत्त्वाचे असते, याचा हा फार जुना दाखला होय.

‘अलंकार’ या शब्दातही हेच तत्त्व सामावलेले आहे. संस्कृतात ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. जे उणे आहे ते पुरे करतो, तो अलंकार. तेव्हा पुरे झाल्यानंतरही जे अंगावर चढत राहते, ते मूळ अर्थाने अलंकार नव्हेच. ते ओझे होय.

परंतु निवडीची चर्चा करण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. निवड करण्याचा अधिकार सर्वांना होता काय? भारताच्या इतिहासाने या प्रश्नाला दिलेले उत्तर सुखद नाही. कोणत्या जातीच्या स्त्रीने कोणता धातू वापरावा आणि कोणता वापरू नये, हे अनेक ठिकाणी रूढीने ठरवून टाकलेले होते. केरळात पुलय समाजाच्या स्त्रियांना सोने वर्ज्य होते. दगडी मण्यांच्या माळा गळ्यात वागवण्याची त्यांच्यावर सक्ती होती. त्या माळा म्हणजे शोभा नव्हती, जातीची खूण होती. १९१५ साली कोल्लमजवळील पेरिनाड येथे या रूढीविरुद्ध संघर्ष पेटला आणि अय्यंकाळी यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या सभेत स्त्रियांनी त्या माळा गळ्यातून काढून फेकून दिल्या. मल्याळम भाषेत ही चळवळ ‘कल्लुमाला समरम्’, म्हणजे दगडी माळेचा लढा, या नावाने ओळखली जाते.

त्याच केरळात १९३४ च्या जानेवारीत याच्या उलट दिशेची एक घटना घडली. हरिजनकार्यासाठी दौऱ्यावर असलेले महात्मा गांधी वडकरा येथे आले असता कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या अंगावरचे सोन्याचे दागिने उतरवून त्यांच्या हाती दिले. पुन्हा तसे दागिने करून घ्यायचे नाहीत, असा तिचा निश्चय होता. गांधींनी ‘हरिजन’ पत्रात तिच्यावर लेख लिहिला. पुढे कौमुदी हिंदीच्या शिक्षिका झाल्या. पेरिनाडच्या स्त्रियांनी लादलेली माळ टाकली. वडकऱ्याच्या मुलीने हवाहवासा वाटणारा दागिना सोडला. दोन्ही प्रसंगी निर्णय त्यांचा स्वतःचा होता. व्यक्तिमत्त्वाला साजेसा दागिना कोणता, या प्रश्नाचा आरंभ या स्वनिर्णयापासून होतो. अंगावर काहीच न घालण्याची निवडही त्यात येते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळता येईल. पहिला विचार शरीराचा. आखूड मानेच्या स्त्रीला गळ्यालगतचा रुंद हार अवघडलेला दिसतो. तिला छातीवर रुळणारी लांब सर अधिक शोभते, कारण दृष्टी त्या सरीबरोबर खाली उतरते. उंच, निमुळत्या मानेला मराठी ठुशीसारखा गळ्याशी बसणारा दागिना खुलून दिसतो. रुंद चेहऱ्याला लोंबती कर्णभूषणे आणि लांबट चेहऱ्याला कानालगत बसणाऱ्या कुड्या साजतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मात्र हे नियम नव्हेत, आडाखे आहेत. आरसा त्यांच्यापेक्षा मोठा जाणकार होय.

वजनाचा विचार त्याहून निकडीचा आहे. कानाची पाळी मऊ असते. जड झुमके वर्षानुवर्षे घातल्याने भोक ओघळते आणि प्रसंगी पाळी फाटतेही. जुन्या कारागिरांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच कानातून निघून केसांत अडकवायची साखळी भारताच्या अनेक प्रांतांत आढळते. मराठीत तिला ‘वेल’ म्हणतात, तर तमिळ भाषेत ‘माट्टल’. ती शोभेची वाटते. पण झुमक्याचा भार कानावरून केसांवर नेणे हे तिचे खरे काम होय. तद्वतच त्वचेचाही विचार करावा लागतो. स्वस्त दागिन्यांत पुष्कळदा निकेल धातू मिसळलेला असतो. त्याने कानाला खाज सुटून चट्टा उठला, तर तो दागिना कायमचा दूर ठेवणे इष्ट. कारण त्वचेला एकदा निकेल सोसेनासे झाले की तो दोष बहुधा जन्मभर टिकतो.

दुसरा विचार दागिन्याच्या प्रकृतीचा. प्रत्येक दागिना कोठल्या तरी विशिष्ट उपयोगासाठी जन्माला आलेला असतो. जयपूरच्या कुंदनकामात अत्यंत शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती दाबून बसवतात आणि पोकळ घडणीच्या आत लाख भरतात. अशा दागिन्याला पाणी व उष्णता मानवत नाहीत. तेव्हा तो घालून स्वयंपाकघरात वावरणे म्हणजे कारागिराच्या श्रमांचा अवमान करणे होय. त्याच्या पाठीमागे मीनाकारी असते. ती पाहणाऱ्याला दिसत नाही. घालणारीलाच ठाऊक असते. कटकची तारकशी चांदीच्या केसासारख्या बारीक तारांची असते. साध्या, एकरंगी वस्त्रावर तिची जाळी उठून दिसते. भरजरी पदरावर ती हरवून जाते. नागरकोविलजवळील वडसेरी येथे घडणारे, लाल खड्यांचे मोठाले दागिने मंदिरातील मूर्तींसाठी आणि पुढे भरतनाट्यमच्या नर्तकींसाठी घडू लागले. ते दुरून दिसावेत, हाच त्यांच्या घडणीचा हेतू. चार माणसांच्या बैठकीत तेच दागिने बोलणाऱ्या व्यक्तीपेक्षा मोठ्याने बोलू लागतात. याउलट, खंबायतचे अकीक मणी पाहावेत. मंद आचेवर तापवून लालसर केलेले हे मणी घडवण्याची परंपरा सिंधू संस्कृतीपर्यंत मागे जाते. ते सुती साडीवरही शोभतात आणि रोजच्या वापरालाही टिकतात. किंमत थोडी असूनही मान मोठा, असा हा दागिना आहे.

मोत्यांची तऱ्हा निराळी. घामाने आणि अत्तराने मोत्याचे तेज उतरते. म्हणून प्रसाधन आटोपल्यावर मोती सर्वांत शेवटी घालावेत आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवून मऊ कापडाने पुसावेत. माळ रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून गाठवून घ्यावी. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर सारी माळ विखुरत नाही.

तिसरा विचार पैशाचा. त्याबाबत भारतीय घरांत दोन गोष्टींची गल्लत होते. एक, अडीअडचणीसाठी साठवलेले सोने; दुसरी, अंगावर घालण्याचा दागिना. जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू केले आणि नव्या दागिन्यांसाठी १४ कॅरटची मर्यादा घातली. लोकांनी ते सोने मनापासून स्वीकारले नाही; हजारो सोनारांची रोजी बुडाली; १९६६ मध्ये ही मर्यादा उठवावी लागली. सुवर्णनियंत्रणाचा १९६८ चा कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. लोकांच्या लेखी दागिना हा प्रथम ठेवा होता, हेच त्यावरून दिसून आले. वास्तविक शुद्ध सोने मऊ असते. खडे पक्के बसावेत आणि दागिना रोज वापरता यावा, यासाठी १८ किंवा १४ कॅरटचे सोने अधिक सोयीचे ठरते. ठेव म्हणून सोने हवे असेल तर घडणावळ वाया न घालवता ते वेगळे ठेवावे. दागिना मात्र घालण्यासाठीच घ्यावा.

शुद्धतेची खात्री करून घेणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. भारतीय मानक ब्यूरोची प्रमाणखूण १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली. दागिन्यावर ९१६ हा आकडा असल्यास २२ कॅरट, ७५० असल्यास १८ कॅरट आणि ५८५ असल्यास १४ कॅरट समजावे. त्यासोबत अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा क्रमांक असतो. बिल मागून घ्यावे आणि सोन्याचे वजन, खड्यांचे वजन व घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी.

शेवटची गोष्ट मालकीची. विवाहात मिळालेले दागिने सासरच्या कपाटात गेले की ते सासरचे झाले, असा समज फार काळ रूढ होता. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे; सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने सोपवलेले असते. जो दागिना तिला हवा तेव्हा हाती घेता येत नाही, तो व्यक्तिमत्त्वाला साजतो की नाही ही चर्चाच व्यर्थ होय.

तेव्हा दागिना हाती घेताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तो अंगाला सुखकर आहे काय? प्रसंगाला साजेसा आहे काय? आणि तो कोणाच्या इच्छेने घातला जात आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आरसा देईल. तिसऱ्याचे उत्तर आरशात दिसत नाही. परंतु त्या उत्तरावरच उरलेली सारी शोभा अवलंबून असते.