दोर लावण्यापूर्वी

तंजावर शहराला डोंगर नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली ती सपाट, सुपीक भूमी. नजर पोहोचेल तेथवर भाताची खाचरे, पाण्याचे पाट आणि नारळीची बने. अशा या प्रदेशात राजराज चोळाने दुरून ग्रॅनाइट आणवून दगडाचा एक डोंगरच उभा केला. बृहदीश्वर मंदिराचे विमान सुमारे २१६ फूट उंच आहे. इ. स. १०१० मध्ये त्यावर कळस चढला. शिखरावरचा प्रचंड पाषाण वर नेण्यासाठी काही कोस लांबीचा मातीचा उतार रचला होता, असे तेथील लोक परंपरेने सांगत आले आहेत. पुढे या नगरीत भोसले कुळाची गादी आली आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली आपल्या वंशाचा इतिहास याच मंदिराच्या भिंतीवर मराठी भाषेत कोरविला. त्यामुळे मराठी माणसाला तंजावरचे हे शिखर परके वाटत नाही.

सरफोजींच्याच कारकिर्दीत, १८०८ साली, या शिखरापाशी एक विलक्षण प्रसंग घडला. कंपनी सरकारचा एक अधिकारी विल्यम लॅम्टन हा दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी करीत तेथे येऊन पोहोचला होता. मोजणीला दूरवरच्या खुणा दिसाव्या लागतात, आणि त्या सखल प्रदेशात नारळीच्या शेंड्यांपलीकडे काही दिसेना. तेव्हा डोंगराचे काम देवळांच्या उंच शिखरांकडून करून घेणे भाग पडले. लॅम्टनजवळचा कोनमापक थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो दोर आणि कप्प्या यांच्या साहाय्याने शिखराकडे ओढला जात असता एक दोर तुटला आणि ते अनमोल यंत्र दगडी भिंतीवर जाऊन आदळले. त्याचे अंशांकित वर्तुळ वाकले. लॅम्टनने ते त्रिचनापल्लीस नेले, तंबूचे दार लावून घेतले आणि निवडक कारागिरांसह सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ तिळातिळाने पूर्ववत केले. मोजणी पुढे चालू झाली. हाच लॅम्टन १८२३ साली वर्धेजवळच्या हिंगणघाटास काम करता करता मरण पावला. त्याची कबर तेथे आहे.

या प्रसंगात यंत्राचे नाव राहिले, यंत्राच्या धन्याचे नाव राहिले. परंतु एक साधा प्रश्न मनात येतो. कप्पी वर बांधायची, तर ती बांधणारा कोणीतरी आधी वर गेला असला पाहिजे. त्या वेळी त्याच्यासाठी वरून सोडलेला दोर कोठून असणार? दगडाच्या कोरीव थरांवर हातापायांची पकड घेत तो खलाशी वर गेला असेल. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

याच तमिळ भूमीत, तंजावरच्या उत्तरेस, जिंजीचा किल्ला आहे. राजाराम महाराजांचा मुक्काम तेथे असताना, त्यांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला, ती हकीकत तीत आहे. आपल्या लोककथेत त्या कड्यावर घोरपड चढते. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे चढतात दोन निवडक मावळे, रात्रीच्या अंधारात, वानरांच्या चपळाईने. आणि ते वर पोहोचल्यावर मागच्यांसाठी दोराची माळ लागते. त्या दोघांची नावे बखरकाराने दिलेली नाहीत. तीनशे मावळे ज्या दोरावरून गेले, तो दोर वर नेणारे हे दोघे दोरावाचून गेले होते. प्रत्येक दोराच्या आधी असा एक दोर नसलेला माणूस असतो.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य गिर्यारोहकांनी याच गोष्टीला तत्त्वाचे रूप दिले. आज तिला मुक्त आरोहण असे म्हणतात. या नावाने पुष्कळांची समजूत चुकते. मुक्त आरोहण म्हणजे दोर टाकून देणे नव्हे. दोर असतो, कमरेला बांधलेला असतो. पण त्याचे काम पडणाऱ्याला झेलण्याचे, चढणाऱ्याला ओढण्याचे नव्हे. वर जाण्याचे बळ केवळ हात, पाय आणि खडक यांच्यामधून आले पाहिजे. दोर न घेता एकट्याने चढणे हा याच मार्गाचा एक टोकाचा आणि अत्यंत धोक्याचा फाटा आहे. या दोहोंतला भेद न कळल्याने धाडसाच्या भरात जीव गमावण्याची वेळ येते. म्हणून तो भेद स्पष्ट असलेला बरा. तंजावर भागातील नारळीवर चढणारा माणूस तो भेद शब्दांवाचून जाणतो. त्याच्या पावलांत दोराचा फास असतो. तो फास त्याची पकड टिकवितो. शेंड्याकडे त्याला नेतात त्याचे स्वतःचे हातपाय.

या तत्त्वाचा सर्वांत निग्रही पुरस्कर्ता पाउल प्रॉइस. १८८६ साली ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथे त्याचा जन्म झाला. लहानपणी एका आजाराने त्याचे चालणेच काही काळ खुंटले होते. त्या दुबळ्या मुलाने डोंगरांत हिंडून शरीर कमावले. वनस्पतिशास्त्रात त्याने डॉक्टरेट मिळविली. त्या काळी आल्प्सच्या कड्यांवर लोखंडी खिळे ठोकून, त्यांना दोर अडकवून चढण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. १९११ साली प्रॉइसने एका लेखाने तिच्यावर हल्ला चढविला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या वाटेने चढून जायचे, तिच्यापुरतेच बळ असून भागत नाही, काही बळ शिल्लक असले पाहिजे. जेथून स्वतःच्या हातापायांनी खाली उतरता येत नाही, तेथे वर जाण्याचा अधिकार नाही. खिळा संकटकाळासाठी आहे, नेहमीच्या चालीसाठी नाही.

यावर मोठा वाद माजला. टीटा पियाझ, हान्स ड्युल्फर यांच्यासारखे नामवंत आरोहक त्याच्या विरुद्ध बाजूस होते, आणि ते त्याचे शत्रू नव्हते. सुरक्षिततेची साधने नाकारणे म्हणजे तरुणांना मरणाकडे धाडणे होय, हा त्यांचा आक्षेप वजनदार होता. प्रॉइसचे उत्तर असे की, सुरक्षितता खिळ्यात नसून आपल्या कुवतीच्या खऱ्या मापात आहे. १९११ च्या जुलैत ब्रेंटा पर्वतरांगेतील कांपानिले बासो या सुळक्याची पूर्वेकडील भिंत तो एकटा, दोराशिवाय, सुमारे दोन तासांत चढून गेला आणि उतरलाही तसाच. दोन वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९१३ रोजी, मांडलकोगेलच्या उत्तर धारेवर एकटाच चढत असताना तो कोसळला. वय अवघे सत्तावीस. त्याच्या मृत्यूने वाद मिटला नाही. उलट दोन्ही पक्षांना तो आपापल्या बाजूचा पुरावा वाटला. तो ज्यू पित्याचा मुलगा असल्यामुळे पुढे नाझी राजवटीच्या काळात त्याचे नाव पुसण्यात आले. राइनहोल्ड मेसनरने पुढील पिढीत ते पुन्हा लोकांसमोर आणले.

प्रॉइस एकांडा होता. पण जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर, हेच तत्त्व साऱ्या समाजाची रीत बनले. रुडोल्फ फेरमान याने १९०८ साली त्या प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक काढले आणि १९१३ मध्ये चढाईचे नियम शब्दांत बांधले. वर जाण्यासाठी कृत्रिम साधनाचा आधार घेतला, तर ती चढाई मानली जाणार नाही, हा त्यांचा गाभा. वालुकाश्म मऊ असतो. लोखंडाने तो झिजतो, फुटतो. त्यामुळे तेथे खडकाच्या फटीत लोखंडी पाचर बसविण्यास आजही मनाई आहे. दोराच्या गाठी फटीत अडकवून संरक्षण करावे लागते. दगडाची इजा टाळणे आणि माणसाचे शील राखणे, ही दोन्ही कामे एकाच नियमाने साधली.

या शाळेत तयार झालेला फ्रिट्झ व्हीसनर १९२९ साली अमेरिकेस गेला आणि आपल्याबरोबर ही रीतही घेऊन गेला. १९३९ साली काराकोरममधील के-टू या शिखरावर तो आणि पासंग दावा लामा कृत्रिम प्राणवायूशिवाय इतके उंच पोहोचले की, शिखर हजार फुटांच्या आत राहिले. संध्याकाळ होत होती. व्हीसनरला रात्रीही पुढे जायचे होते. पासंगने दोर सोडण्यास नकार दिला. व्हीसनर मागे फिरला. त्याच मोहिमेत खालच्या छावण्यांची व्यवस्था विस्कटली, डडली वुल्फ हा सहकारी वर अडकला आणि त्याला सोडविण्यास गेलेले पासंग किकुली, पासंग कितार व फिन्सू हे तीन शेर्पा परत आले नाहीत. दुसऱ्याच्या प्राणांसाठी जे वर गेले, त्यांची गणनाही अग्रणींतच व्हावयास हवी.

पुढे या विचाराला सौम्य आणि सर्वांना पेलणारे रूप मिळाले. १९७५ च्या सुमारास जर्मनीतील फ्रँकन प्रदेशात कुर्ट आल्बर्ट याने एक साधी युक्ती काढली. खडकात पूर्वी ठोकलेल्या खिळ्यांना हात न लावता, त्यांवर विसावा न घेता एखादी वाट चढता आली, की तिच्या पायथ्याशी तो लाल रंगाचा ठिपका काढी. खिळे तेथेच राहात, पडणाऱ्याला झेलीत. त्यांना ओढून वर जाणे मात्र बंद. प्रॉइसचा निग्रह आणि त्याच्या विरोधकांची काळजी, या दोहोंचा मेळ त्या ठिपक्यात बसला. आजची क्रीडा-आरोहणाची पद्धत त्यातून उभी राहिली.

अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा सुमारे तीन हजार फुटांचा ग्रॅनाइटचा कडा आहे. त्याची ‘नोज’ ही धार १९५८ साली वॉरन हार्डिंग व त्याच्या सोबत्यांनी खिळे आणि दोर यांच्या बळावर सुमारे दीड वर्षाच्या अवधीत सर केली. तीच वाट १९९३ साली लिन हिल या स्त्रीने मुक्त आरोहणाने पार केली, आणि १९९४ मध्ये एका दिवसाच्या आत पुन्हा पार केली. तोवर कोणाही पुरुषाला ते साधलेले नव्हते. २०१७ च्या जूनमध्ये ॲलेक्स हॉनॉल्ड हा त्याच कड्यावर दुसऱ्या एका वाटेने दोराशिवाय चार तासांहून कमी वेळात चढला. त्यामागे कित्येक महिन्यांचा, दोर बांधून केलेला सराव होता, हे विसरता कामा नये.

हा खेळ टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली दाखल झाला. त्यापूर्वीच, २०१६ आणि २०१७ साली, नवी मुंबईत त्याची जागतिक चषक स्पर्धा भरली होती. कृत्रिम भिंतींवर रंगीत पकडी धरून चढणारी मुले महाराष्ट्रात आज दिसतात. बाळंभट्टदादा देवधरांनी ज्या प्रांतात मल्लखांबाला नवे जीवन दिले, तेथे स्वतःच्या शरीराचा भार स्वतःच्या पकडीवर तोलण्याची विद्या नवी नाही.

तथापि पदके आणि वेळेचे आकडे यांच्यापेक्षा या अग्रणींनी मागे ठेवलेली गोष्ट निराळी आहे. उंच कड्यावर पंच नसतो. खिळ्याला हात लागला की नाही, हे बहुधा चढणाराच जाणतो. आणि तरीही तो खाली येऊन स्वतःच सांगतो की, आज साधले नाही. कुर्ट आल्बर्टचा लाल ठिपका हा अशा खरेपणावरच उभा होता. पोहोचण्याइतकेच कसे पोहोचलो यालाही मोल आहे, ही त्यांची शिकवण. ती कड्यावर जन्मली असली तरी तिचा उपयोग सपाटीवरच अधिक आहे. आणि तंजावरच्या सपाट भूमीवरून आभाळात गेलेले ते शिखर पाहताना, त्यावर प्रथम कप्पी बांधणाऱ्या निनावी हातांना वंदन करण्यास ती शिकवण कोणालाही पुरेशी आहे.